सत्कार अंगाशी आला

अर्जुनी मोरगाव
१० फेब्रुवारी २०२५

डिंपलताई, फुलचूरच्या वकीलबाई,

नाव वाचून दचकू नको. मी दुर्गेश्वरी, तुह्या लहान काकाची पोरगी. हर्षूच्या बारशाले तू आलती, त्यानंतर मी तुले एक फोन नाई केला अन् आता पत्र कायले धाडून राहिली, असं म्हणशील. तर आयक. आमच्या घरी फोन एकटीचा नसते. मी बोलाले लागली का सासूबाई भाजी निवडत म्हणतेत, "स्पीकर लाव, मले बी आयकू दे." स्पीकर लागला का मामाजी पेपर बाजूला ठेवतेत. मामाजी म्हणजे माहे सासरे, चुन्नीलालजी, गावच्या मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, कमिटीचे जन्मभराचे अध्यक्ष. मंग ते मधातून भाषण देतेत. म्हणून पोस्ट बरं. पोस्टात आजकाल कोणी फिरकत नाई.

गोष्ट हर्षूची आहे. येत्या मे महिन्यात दोन वर्षाचा होईन. तू पायला तेव्हा गोरा, गोल होता. आता बी गोल आहे. पण मान धरत नाई. बसत नाई. दूध पाजाले बसली का अर्धं दूध माह्या पदरावर. घरचे म्हणतेत, ओमेश बी उशिराच चालला होता. अवो, माहा नवरा उशिरा चालला असन, पण बसत तर होता ना!

मागच्या महिन्यात मी अन् ओमेश त्याले गोंदियाले मोठ्या तपासणीले घेऊन गेलो. तिथल्या मॅडमनं डोक्याचा फोटो पायला अन् विचारलं, "जन्मला तेव्हा लगेच रडला का?" मी म्हटलं, नाई. "डॉक्टर कोण होते?" मी म्हटलं, गावच्या खाजगी दवाखान्यात सिस्टर होती. मॅडमनं फोटो टेबलावर ठेवला. मंग म्हणाल्या, जन्माच्या वेळी याच्या मेंदूले ऑक्सिजन कमी पडला.

ताई, माहा एकच सवाल आहे. आज मी त्याले उचलतो, आंघोळ घालतो, खांद्यावर घेऊन फिरतो. मी म्हातारी झाल्यावर याले कोण उचलन? त्याच्यासाठी कायद्यात काही आहे का, का कायदा फक्त बांधाच्या भांडणालेच आहे?

तुही,
दुर्गा


फुलचूर, गोंदिया
१९ फेब्रुवारी २०२५

दुर्गे,

कायदा बांधाच्या भांडणालाच आहे, पण मधून मधून माणसांसाठी पण वेळ काढतो. तुझं पत्र कोर्टाच्या व्हरांड्यात वाचलं. शेजारच्या पक्षकारानं विचारलं, मॅडम केस हरली का? मी म्हटलं, अजून लावली नाही.

आधी कडू गोष्ट सांगते. ऑक्सिजन कमी पडला म्हणजे दर वेळी डॉक्टरचीच चूक असते, असं नाही. कधी कधी कोणाचीच नसते. चूक दाखवावी लागते. बाळाचे ठोके बघायला पाहिजे होते, बघितले नाहीत. यायला पाहिजे होतं, आला नाही. मोठ्या दवाखान्यात पाठवायला पाहिजे होतं, बसवून ठेवलं. यातलं काही सापडलं तर पुढचं बोलू, आणि तेही दुसऱ्या एखाद्या बाळंतपणाच्या डॉक्टरनं कागद पाहून लिहून दिलं तर. नागपूरच्या एक मॅडम आहेत माझ्या ओळखीच्या, कोणाच्या बापाला भीत नाहीत.

तुमचा दवाखाना खाजगी, पैसे घेणारा. म्हणजे तू ग्राहक. फ्रिज बिघडला तर लोक जिथं जातात तिथंच आपल्याला जायचं आहे, जिल्हा ग्राहक आयोगात. राग नको मानू, कायदा असाच आहे. सरकारीत फुकट झालं असतं तर हा दरवाजा बंद होता, मग दिवाणी दावा नाही तर हायकोर्ट. मेडिकल कौन्सिलला पण तक्रार करता येते. त्यानं डॉक्टरचं लायसन्स अडकू शकते, पण हर्षूच्या हाती काही येत नाही. पोलिसात गेली तर आधी डॉक्टरांच्याच समितीचं मत मागतात. ठाणेदार चहा पाजेल आणि घरी पाठवेल. आणि दिवाणी दाव्याचा निकाल हर्षूच्या लग्नात लागेल.

हे शेवटचं वाक्य लिहून गेलं. खोडत नाही, कारण खोडलेलं तू जास्त वाचशील. माफ कर.

ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षं. म्हणजे मे महिना. उशीर झाला तर कारण सांगून माफी मागता येते, पण मला माफी मागायचा कंटाळा आहे, वर बघच. दवाखान्याला साधा अर्ज दे, की बाळंतपणाचे सगळे कागद द्या. तीन दिवसांत द्यावे लागतात. फीची चिंता नको. बाईमाणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, आणि मी तर बहीण, फुकटच्याही खाली. केस आपल्या चालीनं चालेल, पोरगं थांबणार नाही. म्हणून त्याचं दिव्यांगाचं कार्ड काढ, निरामय नावाचा सरकारी आरोग्य विमा भर, मालिशवालीच्या नादी न लागता थेरपीला ने.

आणि माझ्यापासून काही लपवू नको. समोरचा वकील काढतोच.

डिंपल


अर्जुनी मोरगाव
८ मार्च २०२५

ताई,

लग्नाचं वाक्य वाचून मी आधी रडली अन् मंग हसली. दोन्ही तुह्या नावावर लिहून ठेव.

कागद भेटले. अर्ज देला तर काउंटरवरचा पोरगा म्हणे, "कायले पाहिजे?" मी म्हटलं, फ्रेम करून भिंतीले लावतो. तो आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. ओमेश वेल्डिंगचं दुकान बंद करून आला अन् काही न बोलता खुर्ची ओढून बसला. तुहा जावई बोलत नाई, पण बसते भारी. संध्याकाळी कागद देले. त्याच्यात लिहून आहे का डॉक्टर पूर्ण वेळ हजर होते अन् बाळ थोड्या वेळात रडलं. आता बोल! मी टेबलावर होती, मले डॉक्टर शेवटी दिसला, तोवर सिस्टर एकटीच धावपळ करून राहिलती. पण मी बाळंतीण. बाळंतिणीचं कोण आयकते?

आता लपवलेलं सांगतो. हसू नको.

हर्षू जन्मला अन् त्याले गोंदियाले काचेच्या पेटीत ठेवलं. तो वाचून घरी आला तर मामाजीले एवढा आनंद झाला का त्याहिनं डॉक्टरचा सत्कार केला. तुले माहीतच आहे, आमच्या गावात कोणी दहावी पास झाला तरी शाल-श्रीफळ, कोणी नापास झाला तरी सांत्वनाले शाल-श्रीफळ. दिवाळीनंतरची मंडई होती. रात्रीचं नाटक, पहिला अंक संपला, लोक भजे खाऊन राहिले, अन् मामाजी माईकवर. डॉक्टरले स्टेजवर बोलावलं, शाल पांघरली, नारळ देला. मीनं त्याच्या बायकोले कुंकू लावलं. त्याच्या आधी बसस्टँडवर फ्लेक्स लागला होता. "नवजात बालकास जीवदान देणारे देवदूत, यांचे हार्दिक आभार!" एका बाजूले डॉक्टर, मधात हर्षूले कॉम्प्युटरवर गॉगल लावलेला, अन् खाली शुभेच्छुक म्हणून मामाजी, फोटोत सगळ्यात मोठे तेच.

डॉक्टर बी बोलाले उभा राहिला तर थांबेच ना. म्हणे, मी त्या दिवशी गोंदियाले लग्नाच्या पंगतीत होतो, हातात जिलेबी, सिस्टरचा फोन आला का ठोके कमी होऊन राहिले. मी म्हटलं, घाबरू नका, मी येतो, तोपर्यंत थांबवून ठेवा. पंगत सोडून कसं उठावं, यजमान नाराज होते. दोन-अडीच तासात पोचलो तर बाळ निळं! अन् मीनं त्याले असं उचललं, असा श्वास देला, अन् त्यानं टाहो फोडला! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बी वाजवल्या, ताई. मले वाटलं काय देवमाणूस आहे, जिलेबी टाकून आला.

तर हा आमचा पराक्रम. आता एवढं सगळं गावासमोर करून केस लावतो म्हटलं तर लोक तोंडात शेण घालतीन. केस गेली असं समजू का?

दुर्गा


फुलचूर
१४ मार्च २०२५

दुर्गे, येडे, बावळट, माझी सोन्यासारखी बहीण!

केस गेली नाही. केस आली!

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा खुर्चीवर उभी राहून वाचलं. कागदावर लिहिलं आहे, डॉक्टर पूर्ण वेळ हजर. आणि तो बाबा स्वतःच्या तोंडानं, माईकवर, अख्ख्या गावासमोर सांगून बसला की फोन आला तेव्हा पंगतीत होतो! ठोके कमी होत आहेत हे कळलं होतं, तरी बाईला दुसरीकडे पाठवा असं म्हटलं नाही, थांबवून ठेवा म्हटलं! कोणी कोणाचा इतका उपयोगी सत्कार आजपर्यंत केला नसेल.

फ्लेक्स ते लोक आणतीलच. आणू देत. सत्कार झाला हे ते सिद्ध करतील, तर भाषण पण झालं, हे आपोआप आलं.

त्या भाषणाचा व्हिडिओ कोणाजवळ आहे? नसेल तर ऐकणाऱ्यांची शपथपत्रं पाहिजेत. पहिलं शपथपत्र चुन्नीलालजींचं. तेच अध्यक्ष, तेच माईकजवळ, सत्कार करणारे तेच. त्यांनी सांगितलं तर कोणी म्हणू शकणार नाही की दुश्मनीनं सांगतात. त्यांच्याशिवाय बाकीच्यांची हिंमत व्हायची नाही.

सोबत तुझ्या शपथपत्राचा मसुदा जोडला आहे. हर्षूला काय येते, काय येत नाही, पुढं काय येणार नाही, ते तपासणीच्या कागदावरून लिहिलं. वाचून सही कर.

डिंपल


अर्जुनी मोरगाव
२ एप्रिल २०२५

ताई,

व्हिडिओ नाई. व्हिडिओवाला नाटकातल्या डान्सचे व्हिडिओ काढते, भाषण आलं का तो बी भजे खाते.

मामाजी नाई म्हणतेत. मीनं विचारलं तर ताट सरकवून उठले. म्हणे, "ज्याले मी शाल देली त्याच्याच विरोधात मी कोर्टात उभा राहू? लोक काय म्हणतीन, अध्यक्षाले समजत नव्हतं का कोणाले शाल देऊन राहिला?" मी म्हटलं, नव्हतंच समजत, आपल्याले कोणालेच नव्हतं. तर म्हणे, "सुनबाई, चूप." सासूबाई मधात पडल्या का देवाची मर्जी होती. मी म्हटलं, देव पंगतीत नव्हता बसला. त्या दिवसापासून घरात माह्याशी कोणी बोलून राहिलं नाई. ओमेश तर आधीबी बोलत नव्हता, त्यामुळं फरक समजत नाई. त्यानं आपलं स्वतःचं शपथपत्र मात्र लिहून देलं, दोन ओळीचं. गावातले दहा जण म्हणतेत, अध्यक्ष बोलतीन तर आमी बी बोलू.

अन् तुह्या मसुद्यावर मी सही नाई केली.

तू त्याच्यात लिहिलं, "तो स्वतंत्रपणे कधीच चालू शकणार नाही." कधीच! तू कोण वो, कधीच लिहिणारी? तू त्याले बारशाले एकडाव पायलं. काल त्यानं माही बांगडी बोटात धरून ठेवली, सोडेच ना. हे काऊन नाई लिहिलं तू? मीनं पेन घेऊन कधीच खोडलं. इतकं खोडलं का कागद फाटला. वकिली तुह्या घरी ठेव.

दुर्गेश्वरी


फुलचूर
७ एप्रिल २०२५

दुर्गा,

चिडली, बरं झालं. मी पण स्वतःवर चिडली होती.

ते वाक्य मी सहज नाही लिहिलं. लिहिलं आणि उठून बाहेर गेली. टपरीवर चहा मागितला आणि प्यायलीच नाही. पण ऐक. तूच विचारलं होतं, मी म्हातारी झाल्यावर याला कोण उचलेल. आयोगासमोर तू लिहिशील, "थोडा मागे आहे, होईल हळूहळू," तर ते म्हणतील, छान, होऊ द्या हळूहळू. ते दोन वर्षांच्या मालिशचा खर्च देतील आणि पाठीवर हात फिरवतील. त्याच्या चाळिसाव्या वर्षी त्याला आंघोळ घालायला माणूस लागेल, तो माणूस या कागदातूनच येणार आहे. तो "कधीच" हर्षूसाठी नाही, त्या तीन खुर्च्यांवर बसलेल्या लोकांसाठी आहे. घरी तू पाहिजे ते म्हण. कागद खोटा ठरला आणि तो चालला, तर मी स्वतः जाऊन पैसे परत करते आणि गोंदियाच्या बाजारात बँड लावून नाचते.

बांगडीचं मी लिहिलं आहे. नवीन मसुद्यात दुसऱ्या पानावर. ते कोणी खोडू शकणार नाही.

मुदत संपायला आता थोडेच दिवस आहेत. सासऱ्यांशिवाय पण लावू, पण लंगडी लागेल.

डिंपल


अर्जुनी मोरगाव
२६ एप्रिल २०२५

आदरणीय वकीलबाई डिंपलजी यांना चुन्नीलाल यांचा नमस्कार.

पत्रास कारण की, आपल्या चुलतबहिणीने, म्हणजे आमच्या सुनबाईने, आपल्याला माझ्याबद्दल काय काय लिहिले असेल ते मला माहीत आहे. ते बहुतेक खरे आहे. मी सदर गावी अनेक वर्षे मंडई कमिटीचे अध्यक्षपद भूषवीत असून आजपर्यंत शिक्षक, कलावंत, पोलीसपाटील, गुणवंत विद्यार्थी, तसेच एका विहिरीत पडलेली म्हैस काढणारे तरुण यांचे सत्कार केले. एकही सत्कार मागे घेतला नाही. म्हणून मी नकार दिला होता.

परंतु मागच्या आठवड्यात बाजारात मंगरू नावाचा गृहस्थ भेटला. शेजारच्या गावचा. ओळख ना पाळख. त्याने मला फोटोवरून ओळखले आणि हात धरून चहाच्या टपरीवर नेले. म्हणाला, अध्यक्षसाहेब, तुमचा फ्लेक्स बसस्टँडवर पाहून आमी सुनेले तिथंच नेलं होतं. मला, खोटे कशाला सांगू, आनंद झाला. मी विचारले, मग काय, नातू का नात? तर म्हणाला, नातू होता, आठवडाभर होता. डॉक्टर त्या दिवशी बाहेर होते.

बाई, तो मला दोष देत नव्हता. चहा पाजत होता. तो चहा माझ्याने प्यायला गेला नाही.

घरी आलो. सुनबाईला ताप होता, म्हणून नातवाला आंघोळीला मी घेतले. पहिल्यांदाच घेतले. तो इतका जड आहे हे मला माहीत नव्हते. ओले पोर, मान मागे पडते, हातातून सुटते. मी ओरडलो तेव्हा ओमेश धावत आला. मी दारात बसून रडलो. आमच्या सौभाग्यवती सुशीलाबाई म्हणाल्या, शेजारी पाहून राहिले. मी म्हटले, पाहू द्या.

तरी सदर शपथपत्रात माझे नाव सर्वांत वर टाकावे, ही नम्र विनंती. भाषण मला पाठ आहे. भाषणे मला पाठच असतात. कमिटीचे बाकीचे दहा जण मी आणतो.

आपला विश्वासू,
चुन्नीलाल
(अध्यक्ष)


अर्जुनी मोरगाव
२१ ऑगस्ट २०२५

ताई,

तू तारखेवरून घाईत दुसऱ्या कोर्टात पळाली, मी बोललीच नाई काही. म्हणून लिहून राहिली.

बांगडीवाल्या मसुद्यावर मीनं सही केली, आपली तक्रार मुदतीत लागली, दाखल बी झाली, डॉक्टरकडचे लोक उत्तर घेऊन आले, सगळं तू जसं सांगतलं तसं झालं. फ्लेक्सचा फोटो त्याहिनं एवढा मोठा करून आणला का मूळ फ्लेक्सच आणला असता तर सोपं पडलं असतं. तू मले आधीच सांगतलं होतं का इथं तोंडी कोणाले विचारत नाई, सगळं कागदावर. पण आयोगाच्या त्या मेंबर मॅडमले राहवलं नाई. मामाजीले विचारलं, "हे तुम्हीच लावलं होतं?" मामाजी उठले, गळा साफ केला. मले वाटलं आता पूर्ण भाषण होते. "हौ मॅडम, मीच लावलं. शुद्धलेखन तपासून लावलं." मॅडम म्हणाल्या, "मग आता तक्रार कशी?" तर म्हणे, "तेव्हा जे माहीत होतं त्याच्यावर सत्कार केला. आता जे माहीत आहे त्याच्यावर तक्रार आहे. डॉक्टरसाहेब त्या दिवशी खरं बोलले होते, मॅडम. तेच खरं त्याहिनं इथं बी बोलावं, एवढंच म्हणणं आहे." अन् खाली बसले. इतकं छोटं भाषण त्याहिनं जन्मात केलं नसन.

डॉक्टरचा तो काळ्या कोटातला वकील म्हणे, "मुलगा तर हसतोय, मजेत दिसतोय." मी म्हटलं, हसते ना. हसाले मान लागत नाई. तू माहा पाय दाबला, पण मॅडमनं लिहून घेतलं, मीनं पायलं.

आता पुढची तारीख. नागपूरच्या मॅडमचं मत आपल्या बाजूनं आलं हे चांगलं झालं, पण निकाल लागाले किती दिवस, हे तू बी सांगू शकत नाई, मले माहीत आहे. घाबरलेली आहो. हरलो तर काय, हा विचार रोज येते.

पण तुले खरं सांगाचं होतं ते पुढं आहे. परतताना आमी बल्लारशा पॅसेंजरनं आलो. समोर एक बाई बसली होती. तिनं हर्षूकडे पाहून विचारलं, "झोपला का नातू?" दर वेळी गाडीत कोणी असं विचारलं का सासूबाई म्हणतेत, हौ झोपला, अन् पदर टाकतेत त्याच्यावर. या वेळी बी त्याहिनं पदर उचलला. तर मामाजी मोठ्यानं म्हणाले, माईक हाती असल्यासारखं, "झोपला नाई, जागा आहे. मान धरत नाई त्याची. जन्मताना हवा कमी पडली. सव्वादोन वर्षाचा आहे, हर्षल नाव आहे." पूर्ण डबा आमच्याकडे पाहाले लागला. सासूबाईनं पदर खाली ठेवला. त्या बाईनं वाकून हाक मारली, "हर्षल!" अन् ह्यानं डोळे फिरवून तिच्याकडे पायलं.

मंग मामाजीनं त्याले माह्याकडून घेतलं. कसं धरावं ते ओमेशनं दाखवलं, मानेखाली एक हात, कंबरेखाली एक. अन् अर्जुनी येईपर्यंत त्याहिनं त्याले मांडीवर धरून ठेवलं. मी दोनदा म्हटलं, द्या मामाजी, हात दुखतीन. म्हणे, दुखू दे.

ताई, तो जन्मल्यापासून पहिल्यांदा मी गाडीत खिडकीजवळ बसली अन् माहे दोन्ही हात रिकामे होते. मले समजूनच नाई राहिलं का त्याहिचं काय करू.

दुर्गा